सात दिवसांची मुदत

“ताई, आज इथे दोन-दोन दिसतायत.”

मोजणीकाकांनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला. ती परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत होती. रांगेत सहा जण होते, त्यात एक बाई कडेवरचं मूल सांभाळत उभी होती. शिक्का हातातच ठेवून तिने मान वाकडी करून पाहिलं. वाचनालयाचं नाव पडद्यावर एकाखाली एक असं दोनदा आलं होतं. अक्षरं तीच. वरच्या नावापुढे बारीकसं कुलूप होतं, खालच्यापुढे नव्हतं.

“खालचं घ्या ना काका. त्याला पासवर्ड लागत नाहीये.”

“पण रोज तर एकच असतं.”

“नवीन बसवलं असेल. परवाच तो नेटवाला शिडी लावून काहीतरी खाटखूट करत होता.”

वाचनालयात तिला सगळे पासवर्डताई म्हणायचे. एकोणीस वर्षं ती तिथे मदतनीस होती. झाडझूड, पुस्तकं लावणं, काउंटर, वर्तमानपत्रांच्या घड्या, सगळंच. चार वर्षांपूर्वी वाचकांसाठी फुकट नेट सुरू झालं आणि रोज सकाळी दाराजवळच्या फळ्यावर त्या दिवसाचा पासवर्ड खडूने लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिला ते आवडायचं. नवऱ्याला ती सांगायची, “ग्रंथपाल साहेबांना बाहेर कुत्रं ओळखत नाही, मला बाजारात लोक हाक मारतात.”

पासवर्ड लांबलचक असायचा. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, मध्येच एखादी चांदणी. काकांची बोटं जाड आणि थरथरणारी. ते तीनदा चुकायचे, मग काउंटरवर यायचे, मग ती टाकून द्यायची. त्यामुळे कुलूप नसलेलं नाव पाहून त्या घाईत तिला हायसंच वाटलं.

तिने त्या नावावर बोट टेकवलं. एक पान उघडलं. वर वाचनालयाचं नाव आणि खाली दोन रिकामे चौकोन. एकात ईमेलचा पत्ता लिहायचा होता, दुसऱ्यात ईमेलचा पासवर्ड.

“हे आधी विचारत नव्हते,” काका म्हणाले.

“नवा नियम असेल. सांगा, मी टाकते.”

काका घुटमळले. “हा पासवर्ड कोणाला देऊ नये म्हणतात.”

“अहो, मी काय परकी आहे का?”

रांगेतलं मूल रडायला लागलं. कोणीतरी मागून म्हणालं, “आमचंही बघा जरा.” काकांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर बघून तिने अक्षर अन् अक्षर टाकलं. पान क्षणभर पांढरं झालं, मग गेलं. नेट सुरू झालं.

“झालं बघा.”

“तुमच्या हाताला यश आहे,” काका म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

तो मंगळवार होता.

काका निवृत्त भूमापक होते. उभं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेलं, म्हणून मोजणीकाका. रोज साडेदहाला यायचे, तिसऱ्या टेबलाच्या टोकाला बसायचे, आधी वर्तमानपत्र वाचायचे आणि मग मोबाइल काढायचे. मोबाइलवर ते फक्त एकच गोष्ट करायचे. बायकोची एक मेल उघडून वाचायचे. रोज एक. मग मोबाइल बंद करून घरी जायचे.

हे तिला एकदा त्यांनीच सांगितलं होतं. त्यांची बायको शाळेच्या कार्यालयात टंकलेखिका होती. घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. पुढे सव्वा वर्ष ती अंथरुणावर होती. हाक मारता येत नव्हती, तेव्हा शाळेने दिलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन ती शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला मेल करायची. आयुष्यभर कार्यालयीन पत्रं लिहिलेली, त्यामुळे प्रत्येक मेलला विषय असायचाच.

“हे बघा,” काकांनी तेव्हा मोबाइल पुढे केला होता. “विषय, पंखा. मजकूर, कमी करा, पाय गार पडलेत. हे बघा. विषय, चहा. मजकूर, साखर दोनदा घातलीत.” मग ते हसले होते. “आणि ही. विषय, परवाचं बोलणं. मजकूर, तुम्ही माझ्यावर ओरडलात. मला उलट ओरडता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं.”

तिने विचारलं होतं, “मग तुम्ही काय उत्तर दिलं?”

“उठून खोलीत गेलो. बसलो जवळ. मला कुठे लिहायची गरज होती, मला बोलता येत होतं.”

अशा चारशे सव्वीस मेल होत्या. बायको गेल्यावर शाळेने लॅपटॉप परत नेला, तिचा कार्यालयीन पत्ता बंद केला. काकांच्या मेल खात्यात आल्या तेवढ्याच राहिल्या. घरी नेट का घेत नाही, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “घरी वाचवत नाहीत. शेजारची खोली रिकामी असते.”

बुधवारी काका दहालाच आले.

“ताई, मेल उघडत नाहीये. म्हणतंय, तुमचा पासवर्ड काल बदलण्यात आला आहे. काल मी बदलला का हो?”

“बदलला असेल. आठवून बघा.”

“मला तर काहीच आठवत नाही.”

“होतं असं या वयात, काका. माझी सासूही शेवटी शेवटी गॅस चालू ठेवून जायची.”

ती हे सहज बोलून गेली. काकांनी मान डोलावली आणि जागेवर जाऊन एकेक पासवर्ड टाकून बघायला लागले. बायकोची जन्मतारीख, लग्नाची तारीख, घराचा क्रमांक. दुपारी दीडपर्यंत ते तसेच बसलेले तिला दिसत होते.

गुरुवारी जवळच्या दवाखान्यातली एक परिचारिका तणतणत आली. मंगळवारी तिने इथेच बसून मेल पाहिली होती. आता तिच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना भलतेसलते निरोप जात होते. “तुमच्या नेटवर मेलचा पासवर्ड का विचारला मला?” ती ग्रंथपालांसमोर टेबलावर हात आपटून विचारत होती.

नेटवाल्याला बोलावलं. तो आला, भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आपलं नेट पासवर्ड विचारतं तो फळ्यावरचा. मेलचा कधीच नाही. कोणीतरी इथेच बसून तुमच्या नावाचं खोटं नेट चालवलंय. लॅपटॉप घेऊन बसायचं, नाव तेच द्यायचं. लोक आपणहून शिरतात. मग त्यांनी टाकलेलं सगळं त्याच्याकडे.”

“पण ओळखायचं कसं?” साहेबांनी विचारलं.

“सोपं आहे. एकाच नावाची दोन दिसली, एकाला कुलूप नाही, की समजायचं. हात लावायचा नाही.”

ती दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला.

तिला तो माणूस आठवला. सोमवार, मंगळवार, दोन्ही दिवस खिडकीजवळच्या टेबलावर. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. “ताई, प्लग लांब पडतोय हो,” म्हणाला, तेव्हा तिनेच आतून वायरचा बोर्ड आणून दिला होता. पाण्याची बाटलीही भरून दिली होती.

नेटवाला गेल्यावर तिने साहेबांना सगळं सांगितलं. काकांचं, कुलपाचं, चिठ्ठीचं. आपल्याच हाताने टाकल्याचं.

साहेब वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. त्यांनी उठून दार लोटलं.

“बाई, बसा. हे बघा, तुमची कायम करण्याची फाइल समितीपुढे आहे. पुढच्या महिन्यात बैठक. एकोणीस वर्षं हंगामी काढलीत तुम्ही. आता तोंडाशी आलेला घास घालवायचाय का?”

“पण काका रोज बसून पासवर्ड आठवतायत, साहेब. त्यांना वाटतंय, आपण विसरलो.”

“त्यांना सांगितलंत तर त्यांचा पासवर्ड परत येणार आहे का? गेलं ते गेलं. उगाच कर्मचाऱ्यानेच टाकून दिला असं लेखी झालं, तर तुमची नोकरीही गेली आणि वाचनालयाची अब्रूही. नेट फुकट आहे. वापरणाऱ्याची जबाबदारी. तुम्ही काही बोलायचं नाही.”

गेलं ते गेलं. हे वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं. काही होणारच नसेल, तर सांगून म्हाताऱ्या माणसाला आणखी त्रास कशाला, असं ती स्वतःला समजावत राहिली. घरी नवरा पाठीच्या दुखण्याने तीन वर्षं बसून होता. मुलगी एका मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेत, दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांच्या शिव्या ऐकायची. कायम होणं म्हणजे काय, हे त्या घरात कोणालाच वेगळं सांगायला नको होतं.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. काका रोज येत होते. आता ते वर्तमानपत्र उघडत नव्हते. एका वहीत पासवर्ड लिहायचे, टाकून बघायचे, जमला नाही की सरळ रेघेने खोडायचे. रेघ पट्टीने मारल्यासारखी. ती त्यांना न मागता पाणी नेऊन द्यायची.

सोमवारी त्यांनी विचारलं, “ताई, इथे खाली लिहिलंय, पासवर्ड विसरलात का. ते दाबू का? पुढे बरंच काही विचारतंय, मला भीती वाटते, आणखी बिघडायचं.”

“थांबा, साहेबांना विचारून सांगते,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन उगाच दोन कपाटं पुसून आली. साहेबांना तिने विचारलं नाही. काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी काका उशिरा आले. दाढी केलेली नव्हती. काउंटरपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, “काल डॉक्टरांकडे जाऊन आलो.”

“का? काय झालं?”

“हेच. विसरायला होतंय ना. माझ्याच हाताने बदललेला पासवर्ड मला आठवू नये, म्हणजे काहीतरी बिनसलंय. त्यांनी कागद दिला, म्हणाले, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.” काका जरा हसले. “मी नकाशे काढायचो, ताई. वर्तुळ बिनकंपासचं काढलं. काटे बरोबर. तरी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, सुरुवात असू शकते. एकट्याने राहू नका.”

“मग?”

“भाची म्हणते, माझ्याकडे या. पण तिचं घर दोन खोल्यांचं. आणि आमचं घर बंद करायचं म्हणजे…” ते थांबले. “शंभर वर्षांपूर्वीचे हद्दीचे दगड मी शोधून काढायचो. शेताच्या कोपऱ्यात पुरलेले. आणि हे बघा आता.”

त्या दिवशी तिने तीन पुस्तकांवर चुकीची तारीख मारली.

संध्याकाळी घरी मुलगी भाजी निवडत बसली होती. तिने चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पलंगावर आडवा पडलेला नवरा कोपरावर उठून बसला. मुलीच्या हातातली सुरी थांबली.

“कधी झालं हे?”

“मागच्या मंगळवारी.”

“आजचा गुरुवार. म्हणजे नऊ दिवस.” मुलीने मोबाइल उघडला, काहीतरी शोधलं, वाचलं, पुन्हा वाचलं. “आई, चोर पहिलं काम करतो ते पासवर्ड बदलण्याचं. मग आपला नंबर काढून स्वतःचा टाकतो. पण जुना नंबर सात दिवस चालतो. त्या सात दिवसांत काकांनी त्यांच्या मोबाइलवर कोड मागवला असता, तर खातं परत मिळालं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. मला रोज असे दहा फोन येतात.”

“आणि आता?”

“आता कठीण आहे. फॉर्म भरता येतो. पण बहुतेक नाही म्हणतात.”

ती खाली बसली. भाजीच्या ताटाकडे बघत राहिली.

“तू मला आधी का नाही सांगितलंस?” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “मी घरातच होते ना गं.”

“साहेब म्हणाले, गेलं ते गेलं.”

“साहेबांना काय कळतंय त्यातलं!”

मग नवरा म्हणाला, “उद्या जाऊन सांग त्यांना. नेट खोटं होतं, तुमची चूक नाही, एवढं सांग. डोक्याची काळजी तरी मिटेल बिचाऱ्याची.”

“आणि सात दिवसांचं?”

“ते कशाला सांगतेस? त्याने काय परत येणार आहे? तुझ्याकडे बघून तो माणूस आयुष्यभर जळत बसेल. नोकरी जाईल ती वेगळीच.”

“अहो, साहेबही असंच म्हणाले होते.”

नवरा पुन्हा आडवा झाला.

शुक्रवारी काका येऊन बसले, तेव्हा तिने काउंटरवर पाटी लावली, ‘दहा मिनिटांत येते’. एकोणीस वर्षांत तिने ती पाटी कधी लावली नव्हती. काकांना तिने बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिथे एक लाकडी बाक होता आणि पाणी शुद्ध करायचं बंद पडलेलं यंत्र. ती बसली नाही. उभ्यानेच बोलली.

“काका, पासवर्ड तुम्ही बदलला नाही. त्या दिवशी मी ज्या नेटला तुम्हाला जोडलं, ते खोटं होतं. कोणीतरी चोरीसाठी लावलेला सापळा होता तो. तुमचा पासवर्ड मीच माझ्या हाताने त्याला दिला. त्याने बदलला.”

काका तिच्याकडे बघत राहिले. “म्हणजे मी विसरलो नाही?”

“नाही.”

“मी बदललाच नव्हता?”

“नाही, काका.”

“म्हणजे डोकं जागेवर आहे.” त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. त्यांचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरल्यासारखे. “काय जीव घाबरला होता हो माझा. आठ दिवस झोप नाही. बरं झालं सांगितलंत. खरंच बरं झालं.”

इथे थांबता आलं असतं. काकांच्या चेहऱ्यावर ते ऋण मानल्यासारखं हसू होतं, आणि तेच तिला बघवेना.

“अजून एक आहे. सात दिवसांच्या आत तुमच्या नंबरवर कोड मागवला असता, तर ते परत मिळालं असतं. ती मुदत या मंगळवारी संपली.”

“सात दिवस.”

“हो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“नेट खोटं होतं, ते गेल्या गुरुवारी. मुदतीचं काल कळलं. पण गुरुवारी मी तुम्हाला बोलले असते, तर कोणीतरी शोधलं असतं. माझ्याच मुलीला माहीत होतं.”

काकांनी बोटांवर मोजलं. सवयीने, अंगठा एकेका पेरावर टेकवत. “म्हणजे पाच दिवस हातात होते.”

“हो.”

“मी रोज येत होतो, ताई. तिथेच बसत होतो.”

“हो.”

“तुम्ही पाणी आणून देत होता.”

काका बाकावरून उठले. आत जाऊन त्यांनी वही उचलली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि तिच्या बाजूने, तिच्याकडे न बघता, पायऱ्या उतरून गेले.

शनिवारी सकाळी तिने फळ्यावर पासवर्ड लिहिला आणि त्याखाली मोठ्या अक्षरात आणखी काही लिहिलं. रात्री मुलीने सांगितलेलं सगळं तिने कागदावर उतरवून आणलं होतं. एकाच नावाची दोन नेट दिसली, तर थांबा आणि काउंटरवर विचारा. वाचनालय तुमच्या ईमेलचा पासवर्ड कधीच विचारत नाही. बँकेची कामं इथल्या नेटवर करू नका. काम झालं की नेट तोडा. खात्यात कोणी शिरल्याची शंका आली, तर त्याच दिवशी हालचाल करा, सात दिवसांनंतर उपयोग नाही. आणि सर्वांत खाली, या वाचनालयात असं घडलं आहे.

साहेब अकराला आले. फळा वाचला. रुमालाने शेवटची ओळ पुसली आणि आत गेले. तिने ती ओळ पुन्हा लिहिली. दुपारी पुन्हा पुसलेली होती. तिने पुन्हा लिहिली. चार वाजता साहेबांनी तिला आत बोलावलं.

“काय चाललंय हे?”

“खरं आहे ते लिहिलंय, साहेब. काकांनाही सांगितलं मी. लेखी द्यायचं असेल, तर तेही देते.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. “बाई, तुमच्या भल्याचं सांगत होतो मी.”

“माहीत आहे.”

तिने लेखी दिलं. पुढच्या महिन्यात समितीची बैठक झाली आणि तिची फाइल ‘तूर्त विचार नाही’ असा शेरा घेऊन परत आली. काउंटर काढून घेतलं. तळघरात जुन्या पुस्तकांची बांधणी होते, तिथे तिची बदली झाली. खळ, सुया, जाड दोरा आणि भिंतीत वर एक बोटभर खिडकी, तीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. फळ्यावरच्या सूचना मात्र साहेबांनी छापून घेतल्या, प्लॅस्टिकमध्ये घालून दाराला लावल्या. खाली लिहिलं होतं, ‘ग्रंथपालांच्या आदेशावरून’. शेवटची ओळ त्यात नव्हती. तिला पासवर्डताई म्हणणारे लोक वर होते. खाली कोणी येत नव्हतं.

काकाही वाचनालयात परत आले नाहीत.

दोन रविवार तिने जाऊ की नको यात घालवले. तिसऱ्या रविवारी सदस्य-नोंदीतला पत्ता घेऊन ती मुलीबरोबर गेली. दुसरा मजला, दारावर दोन नावांची पाटी. काकांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले.

मुलगी पुढे झाली. “काका, मी हिची मुलगी. एक फॉर्म असतो, तो भरून बघू या का? मिळेल असं सांगत नाही. पण भरू.”

काका दारातून बाजूला झाले.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, खातं कधी उघडलं. काकांनी तारीख सांगितली. सर्वांत जास्त मेल कोणाकडून यायच्या. त्यांनी पत्ता सांगितला. शेवटची मेल कधी आली. त्यांनी तारीख सांगितली, वेळही सांगितली, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. मुलगी टाकत गेली. तीन दिवसांनी उत्तर आलं. हे खाते आपले आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. पुन्हा भरला. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही शब्द तेच होते.

“बस झालं,” काका म्हणाले. “आता नको.”

मुलीचं जाणं थांबलं. ती मात्र रविवारी जात राहिली. काकांनी तिला ये म्हटलं नाही, येऊ नकोही म्हटलं नाही. सुरुवातीला ती गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची, वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधायची आणि निघायची. चहा काका स्वतः करायचे आणि कप तिच्यासमोर न ठेवता ओट्यावर ठेवायचे, तिने घ्यावा म्हणून. डॉक्टरांकडे ते परत जाऊन आले होते, गोळ्या बंद झाल्या होत्या, एवढं त्यांनी सांगितलं. माफ केलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. तिनेही विचारलं नाही.

एका रविवारी टेबलावर रेघी कागदांचा गठ्ठा आणि पेन ठेवलेलं होतं.

“तुमचं अक्षर चांगलं आहे,” काका म्हणाले. “माझ्याच्याने आता सलग लिहवत नाही. लिहाल का?”

“काय लिहायचं?”

“आठवतंय तेवढं. रोज वाचायचो, त्यामुळे बऱ्याच तोंडपाठ आहेत. सगळ्या नाहीत.”

ती बसली. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली दिसत होती. काका खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले. ते एखादा उतारा सांगावा तसं सांगत, स्वल्पविरामासकट, मध्ये स्वतःचं काही न घालता. ती लिहीत गेली. पहिल्या दिवशी अकरा झाल्या. पुढच्या रविवारी नऊ. मग सहा. आता दोन मेलच्या मध्ये बराच वेळ जायचा. तेवढ्यात खाली रस्त्यावरून गाडी गेली, तरी काका दचकायचे आणि हातात आलेलं निसटायचं.

त्या दिवशी चौथी मेल चालली होती.

“विषय, खिडकी. मजकूर, खिडकी थोडी उघडा. बाहेर कोणीतरी…”

काका थांबले. तिने मान वर केली.

“कोणीतरी गातंय. की हसतंय?” ते स्वतःशीच म्हणाले. “मी खिडकी उघडली होती, ते आठवतंय. सकाळची वेळ होती. समोरच्या गच्चीवर बायका होत्या. पण तिने काय लिहिलं होतं?”

ती वाट बघत राहिली. काकांच्या कपाळावरची शीर फुगली होती. ओठ हलत होते, एकदा हा शब्द, एकदा तो.

“गातंय लिहू का, काका?” तिने हळूच विचारलं. “जवळपास तेच होईल.”

“नको.” काकांनी डोळे उघडले. “अंदाजाने नको. तिने जे लिहिलं नाही, ते तिच्या नावावर नको.”

तिने एका शब्दापुरती जागा मोकळी सोडली, पुढे पूर्णविराम दिला आणि काकांकडे न बघता पुढच्या ओळीवर पेन टेकवलं.